सुकतीचं पाणी

सातवीच्या वर्गात मी भूगोलाचा तास घेत होतो. विषय नदीचा. फळ्यावर चित्र काढून झालं होतं. डोंगरात उगम, मध्ये दोन-तीन वळणं, शेवटी समुद्र. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे उगमाला 'मंबा', मुखाला 'दहाना' आणि भरती-ओहोटीला 'मद्द-ओ-जज़र'. हा शेवटचा शब्द मुलांच्या तोंडी बसता बसत नाही. मीही तो बी.एड.च्या वर्षातच पाठ केला होता. भरती आल्यावर पाणी परत जातं, त्याला काय म्हणतात, असं मी विचारलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सुकती."

उत्तर बरोबर होतं. खाडीकाठची माणसं ओहोटीला सुकतीच म्हणतात. पण मी म्हणालो, "उर्दू में बोलो." तो गप्प झाला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दालदी है, सर," आणि वर्ग हसला. मीही हसलो. अगदी थोडंसं, पण हसलो. मुलगा खाली बसला तो त्या सत्रात पुन्हा उभा राहिला नाही. हजेरीला 'हाज़िर' म्हणायचा, तेवढंच.

कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दालदी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे मासेमारी करणारे मुसलमान. नमाज तीच, कलमा तोच, बोलीही जवळजवळ तीच. पण लग्न जुळवायची वेळ आली की 'ते दालद्यांचे' हे वाक्य आवाज खाली आणून बोललं जातं. इस्लाममध्ये जात नाही, हे जुम्म्याच्या बयानात ऐकणारीच माणसं घरी येऊन हे बोलतात. मी त्यांच्यातलाच एक.

आणि माझी आई दालद्यांची आहे.

आमच्या घरात आईला आईच म्हणतात, वडिलांना बावा. शाळेतल्या माझ्या मुलांनी 'अम्मी-अब्बू' म्हणावं, अशी मात्र माझी अपेक्षा असते. बावांचं आईशी लग्न कसं झालं, ती वेगळी गोष्ट आहे. बावा पुढे कुवेतला गेले, चिपळूणच्या मोहल्ल्यात पक्कं घर झालं आणि आईचं माहेर हळूहळू कमी होत गेलं. मामू खाडीकाठच्या गावात राहायचे. ते बाजाराला येत, मासे देत आणि ओट्यावरूनच परत जात. "आत या" असं त्यांना कुणी म्हणत नसे, आणि तेही आत येत नसत. लहानपणी मला वाटायचं, मामूंना ओट्यावर बसायला आवडतं.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी घरात आली. पुराचं पाणी चिपळूणकरांना नवं नाही. 2005 च्या जुलैतलाही आम्ही पाहिला होता. पण त्या दिवशी पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येत होतं आणि आम्ही माळ्यावर बसून त्या पायऱ्या मोजत होतो. वरून पाऊस. फोन बंद. माझी मुलगी चार वर्षांची होती. ती विचारत होती, "नदी परत कधी जाणार?" दुपारनंतर गल्लीतून होडी आली. मामू आणि त्यांच्या गावची तीन पोरं. त्यांनी होडी टेम्पोत घालून रस्ता होता तिथपर्यंत आणली होती आणि तिथून वल्हवत, विजेच्या तारा चुकवत, दुकानांच्या पाट्यांना धरत आमच्या खिडकीपर्यंत पोचले होते. त्यांनी आधी आईला उतरवून घेतलं, मग मुलीला, मग आम्हाला. त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडायचा प्रश्नच आला नाही, कारण उंबरा पाण्याखाली होता.

पुस्तकं गेली. माझी सर्टिफिकेटं लगदा होऊन भिंतीला चिकटली. शहरातल्या दीडशे वर्षं जुन्या वाचनालयातसुद्धा चिखल शिरला. हे सगळं सगळ्यांचंच झालं. माझं वेगळं एवढंच, की मी पाण्याला भिऊ लागलो. पुलावरून स्कूटर नेताना नजर समोरच ठेवायचो. अशा माणसाने सातवीला नदी शिकवायची. म्हणून तो मुलगा 'सुकती' म्हणाला त्या रात्री मला झोप आली नाही, ती नुसत्या अपराधाने नाही. मला कळलं, की ज्या नदीचं चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो, तिचा दहाना मी पाहिलेला नाही. दाभोळला मी बसने गेलो होतो. नदीबरोबर कधीच गेलो नव्हतो.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामूंकडे गेलो आणि म्हणालो, "मला गोवळकोटपासून दाभोळपर्यंत न्या."

"इंजिनाच्या होडीनं दुपारपरयंत पोचव."

"इंजिन नको. वल्ह्यानं."

ते बराच वेळ हसले. सत्तरीच्या आसपासचा माणूस, दात निम्मे. मग आत जाऊन त्यांनी उर्दू कॅलेंडर पाहिलं. मला वाटलं, कुठला दिवस बरा, ते बघतायत. ते भरती बघत होते.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण मला हे छत्तिसाव्या वर्षी कळलं. समुद्राचं पाणी चंद्रावर चालतं. आपलं हिजरी कॅलेंडरही चंद्रावर चालतं. मी मुलांना मुहर्रमपासून जिलहज्जपर्यंत बारा महिने पाठ करून घेतो, ते रोजे, ईद आणि उरुस यांच्यासाठी. मामू त्याच तारखेवर पोट भरतात. चांदाच्या तारखेत दोन मिळवायचे, म्हणजे हिंदूंची तिथी मिळते. तिची पाऊणपट केली, की भरतीची वेळ. त्या दिवशी चांद सातवा होता. सात आणि दोन नऊ. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे दाभोळच्या तोंडाशी पावणेसातला पूर्ण भरती, आणि खाडीतून वर गोवळकोटला पाणी चढायला आणखी वेळ धरायचा. तिथून पुढे सहा तास सुकती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. कोळी हेच गणित तिथीवर करतात, मामू चांदावर. "एकच चांद हाय," मामू म्हणाले, जसं काही त्यात सांगण्यासारखं नाही. सातवा चांद त्यांनी मुद्दाम धरला होता. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं. उधाणासारखं ते चढत नाही आणि ओढतही नाही. नवशिक्यासाठी गरीब पाणी.

होडकं लहान होतं. दोन माणसं आणि एक पाण्याचा कॅन मावेल एवढं. तळाला डांबर फासलेलं, दोन वल्ही. सकाळी आठच्या पुढे आम्ही गोवळकोटच्या धक्क्यावरून सुटलो. वर किल्ल्याची तटबंदी, खाली धुकं. पहिली पंधरा मिनिटं होडकं जागच्या जागी गोल फिरत होतं, कारण मी जोर लावत होतो. मामू मागे बसून सुकाणूसारखं वल्हं धरून होते. म्हणाले, "पान्याला मारू नको. पान्यात ठेव." बी.एड.ला शिकवण्याच्या पद्धतीवर आम्ही एवढे पेपर लिहिले, पण इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या पाठाच्या टाचणात लिहिलं नसेल.

वाशिष्ठी लांबीला जेमतेम सत्तर किलोमीटरची. कृष्णेच्या चौदाशेसमोर ही ओढाच म्हणायची. पण तिच्यातलं सगळं पाणी तिचं नाही. सह्याद्रीपलीकडे कोयना अडवली आहे. ती मोकळी असती तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात गेली असती. धरणातलं पाणी बोगद्यांतून डोंगर ओलांडून पोफळीच्या वीजघरावर पडतं, पुढे कोळकेवाडीला आणि मग वाशिष्ठीत. कृष्णा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी असं पश्चिमेला वळवायला मुभा दिली आहे. म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात दगड दाखवतात तेव्हाही ही वाहते. वीजनिर्मिती वाढली, की चिपळूणजवळ पाणी थोडं चढतंसुद्धा. आमच्या वल्ह्याखालचं बरंचसं पाणी आंध्रला जायचं होतं ते अरबी समुद्राकडे निघालं होतं. हे मी मामूंना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. पोफळीचं पाणी सुटलं, की वरच्या खाडीत मासा कुठे सरकतो, हेही ठाऊक होतं. ते मला ठाऊक नव्हतं.

तासाभरात हात सुटले आणि मी आजूबाजूला बघू लागलो. दोन्ही बाजूंना तिवरं. पाणी उतरत होतं तशी त्यांची मुळं उघडी पडत होती. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. खंड्या एकाच काठीवर परत परत येऊन बसत होता. पाण्याच्या कडेने फेसाची एक रेघ चालली होती, तिच्यावर होडकं ठेवायचं. ओढ तिथे. वळण आलं की बाहेरच्या अंगाला खोल, आतल्या अंगाला गाळ, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवतो. कालुस्त्याच्या पुढे चिखलावर पहिली मगर दिसली. मला ती ओंडका वाटली. मामूंनी वल्ह्याने दाखवलं, तेव्हा ओंडक्याने तोंड मिटलं आणि पाण्यात सरकला. हल्ली या मगरी दाखवायला पर्यटकांना होडीतून फिरवतात. मामूंच्या गावची दोन पोरं तेच करतात आणि माशांपेक्षा त्यात जास्त मिळतं, म्हणतात. वाळूउपसा, वरच्या बाजूच्या कारखान्यांचं सांडपाणी आणि मासा कसा कमी झाला, ते मामूंनी एकदाच, पाच मिनिटांत सांगितलं. मग विषय सोडून दिला.

साडेबाराच्या सुमाराला मला शहाणपण सुचलं. समोर मोठं वळण होतं आणि आतल्या अंगाने सरळ गेलं तर अर्धा किलोमीटर वाचत होता. मामू कॅनमधून पाणी पीत होते. मी होडकं वळवलं. ते काही म्हणाले नाहीत, किंवा म्हणाले असतील तर मी ऐकलं नाही. थोडं गेलो आणि खालून 'खस्स' असा आवाज आला. गाळात बसलो. मी वल्ह्याने ढकलू लागलो तर वल्हंच हातभर आत गेलं. उतरून ढकलावं म्हटलं तर मामूंनी खांद्याला धरून बसवलं. "मांडीपरयंत जाशील. आनि ती बग." पलीकडच्या गाळावर दोन ओंडके होते. या वेळी मी ते ओळखले.

"आता काय?"

"आता काय नाय. पानी गेलाय, पानी येल."

तीन-साडेतीन तास आम्ही तिथे बसून होतो. सुरुवातीला मला घाम फुटला. चहूबाजूंनी पाणी, पायाखाली चिखल आणि डोक्यात 2021. पण हे पाणी जात होतं. मला एवढी वर्षं येणाऱ्या पाण्याचीच स्वप्नं पडत होती. जाणारं पाणी असं बसून मी कधी पाहिलं नव्हतं. आधी बोट, मग वीत, मग गाळाचा एक नवाच प्रदेश, त्यावर ओहळांचं जाळं आणि हजारो बारके खेकडे. ज़ोहरची वेळ झाली. मामूंनी कडेला वाकून खाडीच्या पाण्याने वजू केला. होडकं वाहत असलं तर किबला सारखा बघावा लागतो. ते हसत म्हणाले, "रुतला ता बरा झाला. किबला तरी हालत नाय." बसल्या बसल्या आम्ही दोघांनी नमाज पढली.

सलाम फिरवल्यावर ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुज्या लग्नाचा बोलावना मना मिलला नाय. मी म्हटला, गडबडीत इसरले असतील. पन मी कालवा धाडलेली. रिक्षावाल्याकडं. टोपलीभर."

मला ती टोपली आठवत होती. लग्नघराच्या मागच्या दारी आली होती. आम्ही सायंकाळच्या बिर्याणीसाठी शहरातून आचारी आणला होता, सासरची माणसं मुंबईची होती आणि टोपलीला खाडीचा वास येत होता. "हे इथे कशाला ठेवलंय?" असं मीच विचारलं होतं. दुसऱ्या कुणी नाही. आईने टोपली उचलली आणि शेजारी देऊन आली. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नव्हतं.

"बरी होती ना कालवा?" मामूंनी विचारलं.

"बरी होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना खरं ठाऊक होतं का, हे मी अजून सांगू शकत नाही. गाळात रुतलेल्या होडीतून माणूस उठून जाऊ शकत नाही. घरी असतो तर मी चहा सांगायला म्हणून उठलो असतो.

चारच्या सुमाराला होडक्याखाली 'चुळ' असा आवाज झाला. भरती लागली होती. मग ते होडकं कुणी हाताने उचलल्यासारखं हललं. भरतीच्या उलट जाण्यात अर्थ नव्हता. मामूंचं गाव फार लांब नव्हतं. कडेकडेने वल्हवत आम्ही मगरिबच्या अजानीला तिथे लागलो. मामीने तांदळाची भाकरी, बोयचं कालवण आणि वेगळ्या वाडग्यात कालवं ठेवली. कालवं आमच्यासाठी मुद्दाम आणली होती की रोजचीच होती, ते मी विचारलं नाही. वाडगा रिकामा केला. मामी म्हणाली, "शहरातली मानसं खात नाय म्हनतात."

दुसऱ्या दिवशी चांद आठवा. दहाची पाऊणपट साडेसात. गणित मी केलं आणि मामूंनी नुसतं "हं" म्हटलं. पहाटेचा मतलई वारा पाठीवर होता, तोवर आम्ही बरंच अंतर काटलं. खाडी रुंद होत गेली. रुंद पाण्यात मजा कमी आणि मेहनत जास्त, त्यामुळे त्या सकाळचं फार सांगण्यासारखं नाही. माझ्या तळहातांना फोड आले होते. अकरानंतर वारा फिरला आणि समोरून येऊ लागला. बारक्या लाटा होडक्यात डोकावू लागल्या. मामूंनी जागा बदलून पुढचं वल्हं घेतलं आणि मला पाणी उपसायला बसवलं. तिथे माझी लायकी तेवढीच होती.

दाभोळजवळ दोन रंगीत प्लास्टिकच्या कयाक दिसल्या. पुण्याकडची पोरं असावीत. अंगात नारंगी जाकिटं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. झरझर जात होती. मामूंनी थांबून त्यांचं वल्हं मारणं नीट पाहिलं. "बरा हाय. पन मासा कुटं ठेवनार?"

मग दहाना. डाव्या हाताला अंजनवेलचा किल्ला, उजव्या हाताला दाभोळ, मध्ये गाड्या घेऊन धोपाव्याकडे निघालेली फेरीबोट आणि त्यापलीकडे काहीच नाही. हेच दाभोळ एके काळी दख्खनचं दार होतं. इराणी-अरबी घोडे इथे उतरत. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी 1470 च्या दशकात बहमनी राज्य फिरून इथूनच होर्मुझला निघाला. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे गाव जाळलं. सातवीच्या वर्गात मी यातलं काही सांगत नाही. पाठ्यपुस्तकात नाही म्हणून मीही सांगत नाही.

काठावर आदिलशाहीच्या काळातली मशीद आहे. घुमट, मिनार, चिऱ्याचं काम. आपल्याकडची बहुतेक लोक तिला 'अंडा मशीद' म्हणून ओळखतात. गावात सांगतात ते असं, की विजापूरची एक शहजादी हजला निघाली, दाभोळला आली आणि तिला पुढे जाता आलं नाही. मग हजसाठी आणलेला पैसा तिने इथेच मशिदीवर खर्च केला. आम्ही असरची नमाज तिथे पढलो. माझे हात दुआसाठी नीट जुळत नव्हते, फोडांमुळे. मामू बाहेर आल्यावर म्हणाले, "तुज्या आयशीला एकदा हाडूया. तिनं बगलेला नाय." आईचं माहेर याच खाडीवर, वय पासष्ट, आणि तिने दाभोळ पाहिलेलं नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं.

होडकं मामूंच्या ओळखीच्या मोठ्या होडीला बांधून परत गेलं. आम्ही एसटीने आलो. मी त्यांना घरी घेऊन गेलो. ते सवयीने ओट्यावर बसायला वाकले. आईने आतून हाक मारली, पण ते मला बघत होते. मी म्हणालो, "मामू, आत चला." त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं. बराच वेळ पाय धूत होते.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर पुन्हा नदी काढली. 'मद्द-ओ-जज़र' लिहिलं, शेजारी 'भरती-सुकती' उर्दू लिपीतच लिहिलं. मग चांद किती, ते विचारलं. वर्गाला सांगता आलं नाही. शेवटच्या बाकाकडे वळून मी त्या मुलाला उठवलं आणि विचारलं, "आज पाणी किती वाजता भरेल?"

त्याने आधी फळ्याकडे पाहिलं, मग दोन बाकं पुढच्या मुलांकडे, मग माझ्याकडे. त्याला वाटलं असावं, की हा पुन्हा काहीतरी डाव आहे.

"सर, किस में बोलूँ?" त्याने विचारलं.

"घरी बोलतोस तसं."

तो बोटांवर मोजू लागला. मी खडू खाली ठेवून थांबलो.